वाढदिवसाची तांदळाची खीर

आमच्या मेडनहेडच्या घरात फ्रिजवर एकच कॅलेंडर लावलेलं आहे, ते कौन्सिलचं. कुठल्या आठवड्यात कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा आणि कुठल्या आठवड्यात रिसायकलिंगचा, एवढंच त्यात असतं. एकादशी, संकष्टी, अमावास्या यांची गरज मला कधी पडली नाही, कारण ती माहिती रविवारच्या फोनवर आई द्यायची. "मंगळवारी संकष्टी आहे. तू करणार नाहीसच, नुसतं सांगून ठेवते." पंचांग माझ्याकडे तिच्या आवाजात यायचं. ती गेल्यावर ते यायचं थांबलं, आणि ते थांबलंय हे माझ्या ध्यानात यायला जवळजवळ वर्ष लागलं.

आई गेली ती मार्चमध्ये, नाशिकला, सोमवारी पहाटे. दादाचा फोन आला तेव्हा इकडे रविवारची रात्र होती. मिळेल त्या विमानाने मी निघाले, तरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक असतं, आणि त्यातला बराचसा भाग माझा विमानतळांवरच गेला. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. बाबा स्वयंपाकघरात एका स्टुलावर बसून होते, कारण बाहेरच्या खोलीत कोणी ना कोणी भेटायला आलेलं असायचं आणि त्यांना बोलायचं नव्हतं. परत निघताना मी त्यांना म्हणाले, "वर्षश्राद्धाला मी वेळेवर येईन." त्यांनी मान हलवली. त्यांनी ते मागितलं नव्हतं. माझं मीच दिलं होतं.

मेडनहेडला परत येऊन कामाला लागले. मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. तिथे शांत राहण्याबद्दल कुणी काही विचारत नाही, हा त्या कामाचा मोठा फायदा. पुढच्या मार्चसाठी रजा आणि तिकीट मी दिवाळीआधीच नक्की करून टाकलं. तारीख पाठच होती. या वेळी उशीर व्हायला नको म्हणून तारखेच्या दोन दिवस आधी पोचेन असं तिकीट घेतलं.

त्या प्रवासाच्या आदल्या वीकेंडसाठी स्पेनमधल्या तोलेदोचा बेत ठरला. आम्ही तिघी मैत्रिणी वर्षातून एक वीकेंड कुठेतरी जातो. नवऱ्यांना, पार्टनरांना, मुलांना प्रवेश नाही. एक मैत्रीण बेसिंगस्टोकला असते. ती पुण्याहून इथे आली ती एका सॉफ्टवेअर कंपनीत, अजूनही त्याच धंद्यात आहे, आणि तीन वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला. दुसरी लेस्टरची. ती तिथेच जन्मली, तिथल्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, आणि तिचं मराठी आईकडून ऐकून आलेलं आहे. तिच्या मराठीत टेबलापासून नवऱ्यापर्यंत कुणाचंही लिंग बदलू शकतं. या वेळचा शनिवार बेसिंगस्टोकवालीच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा होता, म्हणून जरा लांब, स्पेनला जायचं ठरलं. घटस्फोटानंतर तिने एकही वाढदिवस केला नव्हता. हा करायचा असं तिने स्वतः होऊन म्हटलं, त्यामुळे आम्हा दोघींना नाही म्हणायची सोय नव्हती. मला म्हणायचंही नव्हतं.

कुठे जायचं ठरलं की मी आधी पुस्तक आणते. तोलेदोबद्दल वाचताना कळलं की अरबी ग्रंथांची भाषांतरं करणाऱ्यांचं ते फार मोठं ठिकाण होतं. ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती पंडित एकमेकांशेजारी बसून काम करायचे. सूर्यचंद्राची गणितं तिथे झाली, ग्रह कधी कुठे असतील याची कोष्टकं तिथे तयार झाली, आणि ती युरोपभर वापरली गेली. शुक्रवारी दुपारी माद्रिदहून गाडीत बसल्यावर हे सगळं मी दोघींना सांगितलं.

"हे एक्झामला आहे का?" लेस्टरच्या मैत्रिणीने विचारलं.

"असू दे गं," बेसिंगस्टोकची म्हणाली. "ती वाचते म्हणून आपल्याला वाचावं लागत नाही."

गाव टेकडीवर आहे आणि नदी त्याला तीन बाजूंनी वेढून जाते. बॅगा ओढत आम्ही वर गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की एखादी गाडी आली तर माणसांनी दारांच्या उंबऱ्यांवर चढून उभं राहायचं. आमचं भाड्याचं घर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. बाहेर पडायची तयारी चालली होती, तेवढ्यात दादाचा फोन आला. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा होऊन गेले होते, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"उद्याचं सांगायला फोन केला," तो म्हणाला. "गुरुजी साडेदहाला येतायत. तुझ्याकडे किती वाजलेले असतील ते बघ. मी फोन समोर लावून ठेवतो."

"उद्याचं काय?"

तो म्हणाला, "अगं, वर्षश्राद्ध."

"ते पुढच्या आठवड्यानंतर आहे ना? माझं तिकीट आहे."

"तारखेने तसं आहे. तिथीने उद्या येतं. तिथी मागेपुढे होते ना दर वर्षी. मला वाटलं तुला माहीत असणार. रजा मिळत नसेल म्हणून नंतर येतेयस, असं आम्ही धरून चाललो."

मी खिडकीतून खाली बघत होते. समोरच्या दुकानात तलवारी मांडलेल्या होत्या, या गावात पूर्वापार बनतात तशा. इथून नाशिकला सकाळपर्यंत पोचायचा कुठलाही मार्ग नव्हता, हे हिशेब न करताही कळत होतं.

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. झोपलेत. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला काही करायचं नसतंच त्यात. फार तर तिकडे एखाद्या सवाष्णीला जेवायला घाल. आई सवाष्ण गेली, तेव्हा तेवढं केलंस तरी पुष्कळ."

फोन ठेवला. आतून बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीने विचारलं, "सगळं ठीक ना?"

"दादा होता. सहज."

दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. त्या दिवसाशेजारी श्राद्ध नेऊन ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. दिवसभर कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. एकच प्रश्न उरत होता, मी बाबांना दिलेल्या शब्दाचा. आई गेली तेव्हा मी नव्हते, आणि वर्ष पुरं झालं तेव्हाही मी नसणार होते. पहिल्या वेळचा दोष कुणाला देता आला नसता. दुसऱ्या वेळचा सरळ माझाच होता.

शनिवारी सकाळी दोघी झोपलेल्या असताना शाल घेऊन मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. घरात बसले असते तर मंत्र ऐकू गेले असते. जिन्याला निळ्यापांढऱ्या फरश्या होत्या आणि त्या फार गार होत्या. दादाने फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, तो जरा घसरलेला, त्यामुळे मला गुरुजींचे गुडघे, पळीपंचपात्र आणि बाबांची अर्धी पाठ दिसत होती. दादा मध्येच हात पुढे करून तीळ सोडायचा. आईचं नाव आणि गोत्र आलं तेव्हा नेमका आवाज तुटला. परत जोडलं गेलं तोवर पुढचं चालू झालं होतं. शेवटी वहिनीने फोन उचलून पानं दाखवली. वडे, आमसुलाची चटणी, भाजी, तांदळाची खीर. आईचं पान वेगळं वाढलेलं होतं. बाबांचा चेहरा काही दिसला नाही. खालच्या मजल्यावरचा एक म्हातारा वर येताना माझ्याजवळ थांबला, त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि मी सरकल्यावर बाजूने निघून गेला.

मग दिवस सुरू झाला, आणि तो चांगला होता. आम्ही कॅथेड्रल पाहिलं. तिथून खाली उतरून एक जुनं सिनेगॉग पाहिलं. आत पांढरेशुभ्र खांब आहेत आणि त्यांच्यावर घोड्याच्या नालेसारख्या कमानी. ज्यूंसाठी मुसलमान कारागिरांनी बांधलेलं, पुढे ख्रिस्त्यांनी चर्च केलेलं, आणि आता कुणाचंच प्रार्थनास्थळ नसलेलं. मी तिथे बराच वेळ बसले. त्या कमानींखाली बसताना काही करावं लागत नव्हतं. बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीने लाल स्कार्फ घातला होता आणि ती प्रत्येक ठिकाणी फोटो काढून घेत होती. एरवी ती कॅमेरा बघितला की पाठ फिरवते.

जेवायला बसेपर्यंत अडीच वाजले. जागा लहान होती, दहाबारा टेबलं, भिंतीवर हरणाची शिंगं. बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीने तितराचं मांस मागवलं, कारण ते या गावचं खास. मी भाज्यांची एक डिश सांगितली आणि त्यातलीही निम्मी ठेवली.

"यू ओके?" लेस्टरच्या मैत्रिणीने विचारलं. "तुझी चेहरा बघ कशी झालीय."

"चढ-उतार फार झालाय."

"डायट करतेय ती," बेसिंगस्टोकची म्हणाली. "माझ्या पन्नाशीला स्वतः बारीक दिसायचा प्लॅन आहे तिचा."

लेस्टरच्या मैत्रिणीला शाळेत शिकलेलं थोडं स्पॅनिश येतं. मघाशी ती उठून वेटरशी काहीतरी कुजबुजून आली होती. आता आतले दिवे मंद झाले आणि वेटर एक मातीचा वाडगा घेऊन आला. त्यात एक मेणबत्ती पेटवलेली होती. त्याने गाणं सुरू केलं, शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबानेही सूर धरला. वाडगा बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीसमोर ठेवला गेला. तिने आत बघितलं, आणि मेणबत्ती न फुंकता बघतच राहिली.

"ही तांदळाची खीर आहे," ती म्हणाली.

"राइस पुडिंग," लेस्टरची म्हणाली. "केक नव्हता त्यांच्याकडे. हे त्यांची फेमस आहे. का, आवडत नाही?"

"अगं, ही श्राद्धाला करतात. आमच्याकडे गव्हल्यांची करतील, शेवयांची करतील, पण तांदळाची म्हटलं की श्राद्ध. वाढदिवसाला कुणी पुढे ठेवली असती तर माझ्या आईने त्याला पानावरून उठवलं असतं." आणि ती हसायला लागली. "पन्नास पूर्ण आणि थेट श्राद्ध. यांना कुणी कळवलं?"

लेस्टरचीही हसली. "सॉरी, सॉरी. मला खरंच माहीत नव्हता."

मला हसता येईना. नुसती मान खाली घातली असती तरी निभावलं असतं, पण त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, मीही हसेन म्हणून.

"आज आईचं वर्षश्राद्ध आहे," मी म्हटलं.

बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीचं हसू जागच्या जागी थांबलं. "आज? तू तर पुढच्या आठवड्यात जाणार होतीस."

"तारखेने. तिथीने आज आहे. मला काल संध्याकाळी कळलं."

"म्हणजे सकाळी जिन्यात तू होतीस?"

"हो."

"मला वाटलं नवऱ्याशी भांडतेयस. म्हणून मी मुद्दाम उठले नाही." मग तिचा आवाज बदलला. "आणि तू मला सांगितलं नाहीस. सकाळपासून मी स्कार्फ उडवत फोटो काढून घेतेय आणि तू काढतेयस. माझा वाढदिवस काय इतका नाजूक आहे?"

"तुला तीन वर्षांनी करावासा वाटला म्हणून."

"मेण गळतोय," लेस्टरची हळूच म्हणाली.

खरंच मेण खिरीत पडत होतं. बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीने मेणबत्ती फुंकली, उपटून बाजूला ठेवली आणि मेणाचा भाग चमच्याने काढून बशीत टाकला. शेजारच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. तिने त्यांच्याकडे बघून मान लववली. मग मला विचारलं, "तुला आज काय करायचं असतं?"

"काही नाही. मुलीला काही नसतं. दादा म्हणाला, एखाद्या सवाष्णीला जेवायला घाल."

"व्हॉट इज सवाष्ण?" लेस्टरच्या मैत्रिणीने विचारलं.

"लग्न झालेली आणि नवरा असलेली."

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक घटस्फोटित. दुसरी बारा वर्षं एका वेल्श माणसाबरोबर राहतेय आणि लग्नाचा विषय निघाला की खोलीतून उठून जाते.

"कठीण आहे," बेसिंगस्टोकची म्हणाली. "टेबलावर एकच सवाष्ण आहे, आणि ती यजमान आहे."

"मी आजच्या दिवस हो म्हणू शकते," लेस्टरची म्हणाली. "ऑनलाइन कन्फर्म करते त्याला."

आता मात्र मला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. त्यांनी ते येऊ दिलं. लेस्टरच्या मैत्रिणीने नॅपकिन पुढे सरकवला आणि ती पाणी ओतण्यात गुंतली.

"काकूंना चाललं असतं का गं?" बेसिंगस्टोकच्या मैत्रिणीने विचारलं. आता ती गंमत करत नव्हती.

आई एकदाच इंग्लंडला आली होती, आणि तो नेमका हिच्या घटस्फोटाचा उन्हाळा होता. ही आमच्याकडे यायची आणि सोफ्यावर बसून राहायची. आईने तिला कधी काही विचारलं नाही. ती आली की आई कणीक मळायला घ्यायची. ही नको म्हणायची, आणि आई म्हणायची, "नको असेल तर टाकून दे, पण गरम आहे तोवर ठरव." पुढे एकदा माझ्या सासरकडच्या एक बाई आल्या असताना त्यांनी हिच्याबद्दल आवाज खाली आणून काहीतरी विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती, "ती जेवतेय. नंतर बोलू." आणि नंतर बोललीच नाही.

"चाललं असतं," मी म्हटलं.

मी वेटरकडून आणखी दोन वाट्या मागून घेतल्या. खीर दाट होती, वर दालचिनीची पूड, वेलदोडा नाही. मी दोघींना वाढली. वाढताना आधी वाढदिवसाच्या मैत्रिणीला, मग लेस्टरच्या मैत्रिणीला. हात धुवायला हवे होते असं मध्येच वाटून गेलं, मग सोडून दिलं. दोघींनी वाट्या पुसून खाल्ली. उरलेली मी घेतली.

"आमची आई साखर जास्ती टाकते," लेस्टरची म्हणाली.

"तुमची आई श्राद्धाला करते की वाढदिवसाला?"

"एनी टाइम. कुणी सांगितलाच नाही तिला."

जेवण झाल्यावर आम्ही नदीकडच्या कठड्याशी जाऊन बसलो. पलीकडच्या उतारावर ऑलिव्हची झाडं होती आणि ऊन तिथे सरकत होतं. मी बाबांना फोन लावला. त्यांच्याकडे रात्र झाली होती, जेवणं आटोपली होती.

"बाबा, माझं चुकलं. मी तारीख धरली."

"होय, दादा म्हणाला," ते म्हणाले. "कुठे आहेस?"

"स्पेनमध्ये. मैत्रिणीचा वाढदिवस आहे. बेसिंगस्टोकवाली, आईने जिला पोळ्या करून घातल्या ती."

"कितवा?"

"पन्नासावा."

"मग लहान आहे. दे तिला फोन."

तिने पदर नसताना पदर सावरल्यासारखा स्कार्फ सारखा केला आणि फोन घेतला. "नमस्कार काका. हो. हो काका. तिने वाढली खीर. नाही, चांगली होती, तुमच्याकडच्यासारखी नाही. हो, तिला जपतो आम्ही." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली आणि फोन मला परत देऊन कठड्यापलीकडे बघत बसली.

"तिकीट रद्द करू नकोस," बाबा मला म्हणाले. "गुरुजींचा दिवस झाला. मी इथेच आहे."

मी ठरल्याप्रमाणे गेले. तारखेच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, नाशिकच्या घरात काहीच नव्हतं. पाहुणे येऊन गेले होते, दादा ऑफिसला आणि वहिनी तिच्या शाळेत. बाबा आणि मी स्वयंपाकघरात चटणीसाठी लसूण सोलत बसलो होतो. मागच्या वर्षी त्या घरात इतकी माणसं होती की आम्ही दोघं एका खोलीत एकटे असे बसलोच नव्हतो. बोलणं काही ठरवून निघालं नाही. बाबाच सांगायला लागले.

"रात्री दहाच्या सुमाराला छातीत दुखतंय म्हणाली. दादा गाडी काढायला गेला. मी तुला फोन लावायला घेतला, तर तिनेच हात धरला. म्हणाली, आत्ता नको. तिकडे दुपार असेल, आज रविवार आहे. कुठेतरी बाहेर गेली असेल मैत्रिणींबरोबर. फिरू दे तिला. उद्या करा." त्यांनी एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. "मी ऐकलं तिचं. ऐकायला नको होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही."

त्या रविवारची दुपार मला आठवते. बाहेर पाऊस होता, नवरा वर झोपला होता, आणि मी मेडनहेडच्या घरी सोफ्यावर पाय वर घेऊन वाचत बसले होते. फोन माझ्या शेजारीच होता.

"गेली होतीस ना कुठे?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तिघी नदीकाठी गेलो होतो. ऊन पडलं होतं."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि पुढचा गड्डा फोडायला घेतला.